कोळंबी आणि तिच्यामागचे हात
(दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आपण नेहमी वेतन आयोग, बोनस, पेन्शन यांवर बोलतो. आज फळ्यावर ‘कोळंबी’ वाचून काहींना हसू आले असेल. पण २०२३-२४ या वर्षात आपल्या देशातून ७ लाख टनांहून अधिक गोठवलेली कोळंबी परदेशी गेली आणि तिचे सुमारे ४०,००० कोटी रुपये आले. एवढा पैसा आपोआप येत नाही. त्यामागे कामगार आहे, आणि कामगार आहे तिथे आपला संबंध आहे.

आधी कोळंबीची ओळख करून घेऊ. इथे दिल्लीत तिला झिंगा मछली म्हणतात, पण ती मासा नव्हे. तिला पाठीचा कणा नाही. अंगावर कवच, चालायला दहा पाय. ती खेकड्याच्या भावकीतली. जगात तिच्या हजारो जाती आहेत. आपल्या रेल्वेत जशी ट्रॅकमन, पॉइंट्समन, गार्ड अशी उतरंड, तशी कोकणच्या किनाऱ्यावर तिचीही आहे. सर्वांत लहान जवळा, जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्याहून मोठी करंदी. मग निरनिराळ्या कोळंब्या, आणि वर अंगावर पट्टे असलेली टायगर. गोड्या पाण्यातली लांब निळ्या नांग्यांची कोळंबी वेगळीच. समुद्रातल्या पुष्कळ जाती खोल पाण्यात अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले खाडीत, तिवरांच्या आसऱ्याला वाढतात. म्हणून तिवरे तोडली की पुढच्या हंगामात जाळे रिकामे येते.

उपयोग म्हणाल तर काही वाया जात नाही. जवळा उन्हात वाळवतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की गरिबाच्या भाकरीला त्याचाच आधार. सोललेली कोळंबी वाळवून सोडे होतात. जवळ्याचे कोंबडीखाद्यही होते. टरफलांतून कायटिन आणि त्यापासून कायटोसान काढतात. त्याचा उपयोग रक्त थांबवणाऱ्या पट्ट्यांत, पाणी शुद्ध करण्यात आणि शेतीत होतो.

आपल्या पार्सल ऑफिसला तर हा माल चांगला ठाऊक. टोपली नीट बांधलेली नसली की खारे पाणी डब्यात सांडते, पत्रा गंजतो, आणि हमालाच्या पाठीवरून तेच पाणी ओघळते. मुंबईच्या लोकलमध्ये लगेजच्या डब्यात टोपली घेऊन बसणारी कोळीण आपण सर्वांनी पाहिली आहे.

आता दिल्लीजवळ या. समुद्र शेकडो कोस दूर, तरी हरियाणात कोळंबी पिकते! रोहतक, झज्जर, सिरसा या भागांत जमिनीखालचे पाणी खारे झाले आहे. त्या पाण्यावर गहू जळतो. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचे रोहतकजवळ लाहली येथे केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या पाण्यात कोळंबी वाढवून दाखवली. या पाण्यात पोटॅशियम कमी असते, ते पोटॅश टाकून भरून काढावे लागते. बीज दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या हॅचरीतून ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत येते. थंडी तिला सोसत नाही, म्हणून उन्हाळा-पावसाळ्यातच पीक काढायचे. पडीक जमिनीला किंमत आली, ही चांगली गोष्ट. पण तळ्यातले खारे पाणी शेवटी कुठे सोडायचे आणि शेजारच्या शेताचे काय, हा प्रश्न आहेच. शिवाय रात्री-बेरात्री हवा घालणाऱ्या यंत्रांवर जागणाऱ्या मजुराला आठ तासांची पाळी कोण देणार?

किनाऱ्यावर हे सारे आधी घडून गेले. कोळंबीच्या तळ्यांमुळे विहिरी खाऱ्या झाल्या, शेते गेली, म्हणून तामिळनाडूचे सर्वोदयी कार्यकर्ते जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला. किनारी नियंत्रण क्षेत्रातली व्यापारी तळी पाडा, असा हुकूम झाला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य पुढेच होते. तिथे वर्षभर सलग काम केलेल्या कामगारांना कायद्याची कपात-भरपाई आणि शिवाय सहा वर्षांचे वेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे फेरविचाराच्या याचिका झाल्या आणि २००५ मध्ये संसदेने वेगळा कायदा करून या धंद्याला परवान्याची वाट करून दिली. मालकांचे पुनर्वसन झाले. कामगाराच्या सहा वर्षांच्या पगाराची आठवण मात्र कुणाला राहिली नाही, कारण तो मागायला संघटना नव्हती.

तीच गत सोलणाऱ्या बायांची. नव्वदच्या दशकात केरळच्या मुली ठेकेदाराच्या उचलीवर महाराष्ट्र-गुजरातच्या कारखान्यांत येत, त्याही आपल्याच गाड्यांतून. बर्फातल्या कोळंबीने बोटे बधिर होतात, कातडी सोलते, आणि मजुरी किलोवर. २०२५ मध्ये अमेरिकेने आयातकर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा कारखानदारांनी दिल्लीत शिष्टमंडळे आणली. सोलणारणीचे शिष्टमंडळ कुठे होते?

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो. टपाल बंधूंनी आपल्या बीटवर असे मजूर असतील तर त्यांचे स्वतःच्या नावाचे खाते उघडून द्यावे, म्हणजे मजुरी ठेकेदाराच्या खिशातून फिरून येणार नाही. रेल्वे बंधूंनी त्यांना ई-श्रम नोंदणीची माहिती द्यावी. आणि कोकणात ज्यांची घरे आहेत त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर जवळच्या कारखान्यातल्या बायांशी बोलावे आणि जिल्ह्यातल्या कामगार संघटनेशी त्यांची गाठ घालून द्यावी. आपली संघटनाही एके काळी चार माणसांच्या बैठकीतूनच उभी राहिली.

कामगार एकजुटीचा विजय असो!