गड बादशहाकडे, वाटा मराठ्यांकडे

नांदगाव खंडेश्वर कुठे आणि सातारा कुठे! पण सातारच्या वेढ्याचे पडसाद आपल्या वऱ्हाडात उमटले होते. ते कसे, ते आज सांगतो.

१६९९ च्या अखेरीस औरंगजेब जातीने मोहिमेवर निघाला. मराठे छापा घालतात आणि गडावर जाऊन बसतात, तेव्हा गडच घेऊन टाकायचे, हा त्याचा हिशेब. जनाना आणि जड सामान भीमेकाठी ब्रह्मपुरीला ठेवून त्याने सातारा वेढला. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. चार महिन्यांनी, एप्रिल १७०० मध्ये, मंगळाई बुरुजाखाली सुरुंग उडाले. पहिल्याने तट आत कोसळला. प्रयागजी ढिगाऱ्यात गाडले गेले आणि जिवंत निघाले! दुसरा सुरुंग मात्र बाहेर फुटला. हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले बादशहाचेच सुमारे दोन हजार लोक दगडांखाली गेले. त्यात छत्रपती राजाराम महाराज मार्चमध्येच वारले होते. अखेर गड खाली झाला.

पुढचे बरेच गड पैसे मोजून मिळाले. विशाळगड परशुराम त्र्यंबकांनी जून १७०२ मध्ये सोडला, दोन लाख रुपये घेऊन. काहींना यात फितुरी दिसते. मला तरी हा रोकडा व्यवहार वाटतो. सहा महिने झुंजवायचे आणि पावसाच्या तोंडावर किल्ली हातात द्यायची. बादशाही फौजेच्या परतीच्या वाटेवर नाले तुंबले, जनावरे चिखलात रुतून मेली. पन्हाळ्यापर्यंतच्या जेमतेम पन्नास किलोमीटरला महिन्याहून जास्त दिवस लागले.

एवढ्या लष्कराच्या पोटाला धान्य पुरवायचे बंजाऱ्यांचे तांडे, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. मराठे रसदेच्या त्या वाटाच मारत. गड हलवता येत नाही, घोडा कुठेही नेता येतो.

आणि घोडा वऱ्हाडात आलाच. १७०३ मध्ये मराठा सरदार नेमाजी शिंद्यांनी इथला नायब सुभेदार रुस्तमखान याला लढाईत पकडले आणि ते नर्मदा ओलांडून थेट माळव्यात घुसले. त्यांच्या पाठलागावर निघाला वऱ्हाडचा सुभेदार फिरोजजंग. याचाच मुलगा पुढे पहिला निजाम झाला. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याच वर्षी मराठा सरदार परसोजी भोसले छत्रपती शाहूंना येऊन मिळाले आणि सेनासाहेबसुभा या किताबाचे मानकरी झाले. मग वऱ्हाडात निजाम आणि भोसले असा दुअंमल सुरू झाला. एकाच गावचा वसूल दोघांत वाटला जाऊ लागला.