ध्येय आणि दिनक्रम
ख्रिस्ती जीवनातील ध्येय रोजच्या वर्तनात कसे उतरते, याचे अत्यंत बारकाईने रचलेले उदाहरण म्हणजे येशूसंघाचे एक संस्थापक संत इग्नाशियस लोयोला यांचे ‘विशेष आत्मपरीक्षण’, म्हणजेच एका वेळी एकाच दोषावर लक्ष ठेवण्याची साधना. तिचे वर्णन असलेल्या त्यांच्या साधनाग्रंथाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. साधकाने सकाळी उठताच एखादा दोष, समजा राग, टाळण्याचा निश्चय करावा, दिवसभरात चूक घडताच चारचौघांतही कोणाच्या ध्यानी न येईल असा छातीवर हात ठेवावा, आणि दुपारी व रात्री जेवणानंतर, ईश्वराकडे कृपा मागून, तासातासाचा आढावा घेत जितक्या चुका तितके ठिपके रेघेवर द्यावेत. प्रत्येक दिवसाची रेघ आदल्या दिवसाहून आखूड ठेवलेली असते, कारण ठिपके कमी होत जातील हा विश्वास त्या आखणीतच आहे.