वजनकाटा घेऊन कोणी आलं तर

विद्यापीठाची माणसं वही-वजनकाटा घेऊन दारात आली की आपण विचारतो, "आम्हाला काय मिळणार?" आज आम्ही म्हणतो, हेही विचारा: पैसा कुणाचा?

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. सोबतीला इंग्लंडमधलं साउथहॅम्प्टन विद्यापीठ होतं आणि निधी तिथल्याच वेलकम ट्रस्टचा. असा निधी आयता येत नाही. संशोधक मंडळी अर्ज करतात, निवड झाली तर मिळतो, आणि ठरल्या कामालाच वापरावा लागतो.

दोन देशांनी मिळून करायचं कशाला? तिकडच्या आणि इकडच्या बाळांची मापं शेजारी ठेवली तेव्हा कळलं, की आपली बाळं वजनाला बरीच हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नाही. आणि ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात, त्यांची बाळं अंगाने मोठी होती. पालेभाजी रांधतो आपण, खातो मात्र उरली तर!

हे कळलं ते बायांनी वजन करू दिलं, रक्त दिलं म्हणून. तेव्हा सहीआधी कागद आपल्या भाषेत वाचून घ्या. नाही म्हणता येतं, मधूनही बाहेर पडता येतं; त्यासाठी दवाखान्यातले उपचार कोणी थांबवू शकत नाही. रक्ताचा नमुना कुठे जाणार आणि निकाल सांगायला गावात परत कधी येणार, तेही त्याच दिवशी विचारून घ्या.