दिवाळीचा दिवा आणि घरातील कापूस

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आगीचा विषय निघाला की आपल्यापुढे वैशाखातील ऊन, कडब्याच्या गंजी आणि वाऱ्याने उडालेली चुलीतील ठिणगी उभी राहते. आज दिवाळीच्या तोंडावर मी हा विषय मुद्दाम काढीत आहे. आपल्या खानदेशात दसऱ्याच्या सुमारास कपाशीची वेचणी रंगात येते. शेतातून आलेला कापूस ओसरीत, माडीवर, पुष्कळदा देवघराला लागूनच्या खोलीत रचला जातो, आणि त्याच पंधरवड्यात घरोघर पणत्या लागतात. ज्या घरात वर्षाची लक्ष्मी ढिगाने पडलेली असते, त्याच घरात आपण लक्ष्मीपुढे ज्योत लावतो.

पाश्चात्त्य देशांत याच प्रकारची चिंता नाताळच्या झाडाविषयी बाळगतात. घरात आणून ठेवलेले झाड पाण्यावाचून वाळत जाते आणि एका ठिणगीसरशी भडकते. पूर्वी त्या झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावीत. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी प्रथमच झाडावर विजेचे दिवे लावले. मेणबत्ती गेली, पण पुढे तारांचे दोष आले. नवापूरपासून जळगावपर्यंत आपल्या ख्रिस्ती बांधवांच्या घरीही नाताळात झाड सजते; त्यांनी हे ध्यानी ठेवावे. मात्र आपल्या बहुसंख्य घरांत त्या झाडाची जागा कापसाच्या ढिगाने घेतली आहे, आणि तो ढीग झाडापेक्षा कितीतरी मोठा असतो.

कापूस घरात का राहतो, हे आपणांस मी सांगावयास नको. १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार कापूस खरेदी योजना आता इतिहासजमा झाली. बाजार खुला आहे. २०२१-२२ च्या हंगामात भावाने क्विंटलमागे दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या आशेने पुढच्या हंगामात अनेकांनी महिनोन्‌महिने कापूस घरात राखला. भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास ‘घरात कापूस ठेवू नका’ असे सांगणे सोपे आहे, पण ते निरर्थक आहे. गोदाम कोठे आहे? तेव्हा कापूस घरात राहणार हे गृहीत धरूनच आपणांस बोलले पाहिजे.

कापसाची आग इतर आगींसारखी नसते. मोकळ्या कापसावर ज्वाळा पृष्ठभागावरून झरझर धावते. मग ती विझल्यासारखी दिसते, आणि आत मात्र धुमसत राहते. तंतूंच्या पोकळ्यांत हवा असतेच, म्हणून वरून झाकले तरी ती मरत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर झालेल्या भीषण स्फोटाचे मूळ जहाजातील कापसाच्या गाठींना लागलेल्या आगीत होते. त्याच जहाजात स्फोटके भरलेली होती. आग आटोक्यात आणण्यासाठी गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो यामुळेच. आपल्या माडीवरील ढिगाशेजारी स्फोटके नसतात. पण खालच्या स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर असते.

आता दिव्याविषयी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. रात्रभर जागरण होते आणि त्या रात्री दिवा एकटा नसतो. कोणी ना कोणी त्याच्यापाशी बसलेले असते. दिवाळीत उलट घडते. लक्ष्मीपूजन आटोपले की सारे घर फटाक्यांसाठी अंगणात येते आणि आत समई एकटी राहते. वाऱ्याने पडदा हलतो, मांजर फिरते, उंदीर तर तेलाची वात ओढून नेतो. कानबाईच्या दिव्याला जी सोबत आपण देतो ती लक्ष्मीच्या दिव्यालाही द्यावी, एवढीच माझी विनंती आहे. ते जमत नसेल तर बाहेर पडण्यापूर्वी ज्योत शांत करण्यात कोणताही अधर्म नाही. पणती पितळी परातीत किंवा वाळूच्या थराळ्यात ठेवावी. कापसाच्या खोलीत तर दिवा, उदबत्ती, बिडी यांपैकी काहीही नेऊ नये, आणि त्या खोलीची खिडकी फटाक्यांच्या दिवसांत बंद असावी.

विजेच्या माळांची गोष्ट निराळी. ज्योत दिसते म्हणून तिची भीती वाटते. तार दिसत नाही. एकाच फळीवर माळ, पंखा, दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल जोडलेले असतात, वायर ढिगाखालून गेलेली असते आणि फ्यूज वारंवार जातो म्हणून तेथे कोणी जाड तार बसविलेली असते. फ्यूज जातो तो आपल्याला सावध करण्यासाठी. त्याचे तोंड बंद केले की तो इशारा संपतो आणि वायर तापत राहते. गणपतीच्या मखरासाठी पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या थर्मोकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आली ती पर्यावरणासाठी. परंतु ज्याने ते जळताना पाहिले आहे, तो त्या बंदीचे स्वागत दुसऱ्याही कारणाने करील.

आग लागलीच तर प्रथम माणसे बाहेर काढावीत, मग मुख्य स्विच बंद करावा, आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. बंब तालुक्याच्या गावाहून येईपर्यंतचा वेळ गावानेच निभावायचा असतो. कपाशीच्या गावात एक साधन घरोघर असते, ते म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. दिवाळीपूर्वी तो स्वच्छ धुऊन त्यात साधे पाणी भरून ओसरीत ठेवावा. सुरुवातीच्या आगीला त्याचा तुषार पुष्कळ कामी येतो. मात्र वीजप्रवाह चालू असताना पाणी मारू नये. धुराने भरलेल्या खोलीत कापूस वाचविण्यासाठी कोणीही शिरू नये. आग विझल्यावर ढीग उघड्यावर ओढून पसरावा, भिजवावा आणि किमान एक रात्र त्यावर पहारा ठेवावा.

अंगावरील कपडे पेटल्यास धावू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती गोधडीत गुंडाळावे. भाजलेल्या जागी सुमारे वीस मिनिटे साधे थंड वाहते पाणी घालावे. बर्फ, हळद, शाई, दंतमंजन यांतील काहीही लावू नये. बांगड्या-अंगठ्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, स्वच्छ कापड सैलसर झाकावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. शिक्षकांनी हे मुलांकडून वर्गात प्रत्यक्ष करवून घ्यावे. घरी जाऊन तीच मुले आजीच्या हातातील हळदीचा डबा बाजूला ठेवतात.

काही वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका गावी जळालेल्या घराच्या पंचनाम्याच्या वेळी मी हजर होतो. कापूस गेला होता, धाब्याची तुळई काळी पडली होती. घरची बाई राखेत काही शोधीत होती. दागिना असेल असे आम्हांस वाटले. ती मुलाची दहावीची गुणपत्रिका शोधीत होती. त्या दिवसापासून आगीनंतरच्या कामाला मी प्रतिबंधाइतकेच महत्त्व देतो.

ही गुणपत्रिका परत मिळते. आपल्या जिल्ह्यांसाठी नाशिक विभागीय मंडळाकडे शाळेमार्फत अर्ज करता येतो. पंचनामा होईपर्यंत मात्र राख हलवू नये. छायाचित्रे काढावीत, पोलीस ठाण्यात नोंद करावी आणि तलाठी कार्यालयास त्याच दिवशी कळवावे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या आपत्तींच्या यादीत आगीचा समावेश आहे, पण पंचनाम्यावाचून त्या यादीचा उपयोग नाही. ई-पीक पाहणीत कपाशीची नोंद असेल तर कापूस होता हे दाखविण्यास आधार मिळतो. घरात साठविलेल्या कापसाला पीक विमा लागू होत नाही, हे अनेकांना नुकसान झाल्यावरच कळते. त्यासाठी घर व मालाचा वेगळा विमा असतो. ग्रामसभेत हे दिवाळीपूर्वीच सांगितले जावे. जळक्या नोटा उलगडू नयेत, चिकटलेल्या तशाच डब्यात ठेवाव्यात. पार करपलेल्या नोटा साधी बँक शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या मुंबई किंवा नागपूर येथील इश्यू कार्यालयात सादर कराव्या लागतात.

त्या बाईच्या घरी पुढच्या दिवाळीस मी गेलो होतो. कापूस मागच्या पडवीत होता, समई समोरच्या ओट्यावर होती आणि मुलगा तिच्यापाशी पुस्तक घेऊन बसला होता. कागदपत्रांची पत्र्याची पेटी मात्र त्यांनी शेजाऱ्यांकडे ठेवली होती, आणि शेजाऱ्यांची त्यांच्याकडे.