जांभळाचा रंग आणि कर्करोग
(वर्षावास कार्यक्रमातील भाषण)



नांगरणीच्या उत्सवात बालक सिद्धार्थ ज्या झाडाखाली ध्यानस्थ बसला ते जांभळाचे होते, असे परंपरा सांगते. आज त्याच झाडाच्या फळाविषयी दोन शब्द बोलतो. कारण, "जांभळाने कॅन्सर बरा होतो, दवाखान्याची गरज नाही," असे सांगणारे आपल्याला भेटतात. मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे; वाचले, समजून घेतले, तेवढेच मांडतो.

जांभूळ खाल्ले की जीभ रंगते ती अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. अमेरिकेतील संशोधकांनी जांभळाचा अर्क प्रयोगशाळेत वाढविलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर वापरून पाहिला. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : त्या पेशींची वाढ खुंटली व त्या मरू लागल्या, कर्करोग नसलेल्या पेशी मात्र तशा मेल्या नाहीत. ही आशेची बाब आहे.

परंतु काचेचे भांडे म्हणजे शरीर नव्हे. विद्यार्थी मित्रांनो, घरी जांभळाच्या रसात लिंबू पिळा, तो लालभडक होईल. दुसऱ्या वाटीत खायचा सोडा टाका, रंग निळसर पडेल. इतके हे द्रव्य नाजूक! पोटातील आम्लात ते टिकते, आतड्यात बरेचसे मोडते आणि रक्तात फार थोडा अंश पोहोचतो. भांड्यातील पेशींना अर्क थेट मिळतो. शरीरातील गाठीला तसा मिळत नाही. केवळ जांभूळ खाऊन माणसाचा कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही.

तथागतांनी कालामांना काय सांगितले? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू सांगतो, म्हणून स्वीकारू नका, पारखून घ्या. ही शिकवण आजारपणातही लागू आहे. चूर्ण खात काढलेले चार महिने गाठ वाढायला पुरतात.

तेव्हा जांभूळ आनंदाने खा. पण तोंडातील न भरणारी जखम, पांढरा चट्टा, स्तनातील गाठ दिसताच सरकारी दवाखाना गाठा. आया-बहिणींनो, लाजू नका. मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 पासून या रोगावर उपचार करीत आहे. राज्यात 2012 मध्ये गुटखाबंदी झाली. खरी बंदी आपल्या खिशात झाली पाहिजे. पंचशील घेणाऱ्याने खर्रा आणि तंबाखूची पुडी आजच टाकावी.