केमो चालू असताना माणसांत राहणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला कर्करोगावर बोला म्हणून सांगितले तेव्हा मी प्रथम नाही म्हटले. मी डॉक्टर नाही. भिवंडीत बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, एवढीच माझी ओळख. पण २०१६ साली स्तनाच्या कर्करोगावर मी सहा केमो घेतल्या. त्या साडेतीन महिन्यांत औषधाने जितके छळले तितकेच आणखी एका प्रश्नाने छळले. तो प्रश्न माणसांचा. माणसे भेटायला येतात तेव्हा काय करायचे आणि येत नाहीत तेव्हा काय करायचे? त्यावर बोलेन म्हटले, तर कार्यकर्ते म्हणाले, बाई, तेच बोला.

केमो म्हणजे काय हे आधी थोडक्यात सांगते. शरीरात भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारे औषध बहुधा सलाईनमधून देतात. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्या मरतात. पण केसांची मुळे, तोंडाची आतली कातडी आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी याही भराभर वाढणाऱ्या, म्हणून त्यांनाही मार बसतो. केस जातात, तोंड येते, जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. विद्यार्थ्यांसाठी सांगते, व्हिन्क्रिस्टिन नावाचे एक केमोचे औषध आपल्या दारातल्या सदाफुलीपासून निघते. आणि १९४८ साली अमेरिकेत डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांना जे औषध देऊन पाहिले, ते ज्या प्रयोगशाळेतून आले तिथे संशोधनाचे प्रमुख होते आपल्या आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आपल्या पाठ्यपुस्तकांतून हे नाव मला कधी शिकवावे लागले नाही, याचे वाईट वाटते.

आता घरची गोष्ट. जानेवारीत ऑपरेशन झाले आणि २२ फेब्रुवारीला परळच्या टाटा रुग्णालयात पहिली केमो. भिवंडीहून परळ गाठायचे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पहाटे रिक्षाने कल्याण, कोनगाव आणि दुर्गाडीच्या पुलावरची गर्दी, मग लोकल. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला बसता येते, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळले. दोन खेपा मी बायकांच्या डब्यात उभी राहून गेले. कुणी सांगितले असते तर! सांगणार कोण? आम्हीच कुणाला सांगितले नव्हते ना.

होय, लपवले होते. आमचे हे म्हणाले, उगाच बोभाटा नको, मुलीचे लग्न व्हायचे आहे. आणि मलाही ते पटले. शेजारी विचारले तर "अंगात रक्त कमी आहे" म्हणून सांगायचे. पण केस जायला लागले की हे सांगणे किती दिवस पुरणार? पहिल्या केमोनंतर पंधरा-सोळा दिवसांनी सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला. त्याच आठवड्यात, १३ मार्चला, माझ्या सख्ख्या भावाच्या मुलाचा साखरपुडा होता.

भाऊ घरी येऊन म्हणाला, "आक्का, तुला त्रास नको. जमले तरच ये." मी त्याचा अर्थ असा काढला की येऊ नको. आजारी, बोडकी बाई शुभकार्यात नको, असे त्याच्या मनात आहे, असे मी धरून चालले. आपण बौद्ध, शकुन-अपशकुन मानत नाही. मीच शाळेत मुलांना तसे शिकवत आले. आणि तो अपशकुन माझ्याच डोक्यात बसलेला! मी गेले नाही. दिवसभर दार लावून बसले. पुढे दोन महिन्यांनी वहिनीकडून कळले की भावाने पंख्याजवळ, गर्दीपासून बाजूला, माझ्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली होती आणि कार्यक्रम संपेपर्यंत तीवर कुणाला बसू दिले नव्हते. ती रिकामी खुर्ची सगळ्या फोटोंत आहे. आजही तो अल्बम मी उघडत नाही.

त्याने "जमले तर" म्हणायला नको होते, आणि मीही त्याला तोंडावर विचारायला हवे होते. महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो आणि त्याने कधी कुणाचे काही केले नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नाहीत. भगवान बुद्ध आनंदाला घेऊन त्याला स्वतः न्हाऊ घालतात, उचलून मंचकावर निजवतात, आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी असे सांगतात. इथवर सगळ्या प्रवचनांत येते. पण तिथेच पुढे रुग्णाचीही कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. त्यांतले एक असे की सेवा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगावा. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला. मी तर आजाराचे नावसुद्धा बदलून सांगत होते.

मग आम्ही सांगून टाकले. सांगितल्यावर दोन गोष्टी झाल्या. नात्यातल्या एका घरी माझा पाण्याचा पेला वेगळा निघाला. इतक्या प्रेमाने निघाला की रागवायचीही सोय नव्हती. हे सर्वांनी, विशेषतः मुलांनी नीट ऐका. कर्करोग हा लागट रोग नाही. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, नातवाला मांडीवर घेतल्याने तो होत नाही. काळजी एवढीच की केमो दिल्यानंतर साधारण दोन दिवस औषध लघवीतून, उलटीतून बाहेर पडते, तेव्हा ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, संडासात पाणी भरपूर टाकावे. खरे तर उलटे आहे. आमच्यापासून तुम्हाला धोका नाही, तुमच्या सर्दी-खोकल्यापासून आम्हाला धोका असतो.

दुसरी गोष्ट, एका रविवारी सगळी वस्ती भेटायला आली. दहा बाय बाराची खोली, त्यात माणसे मावेनात. प्रत्येकाकडे कर्करोगाची एक गोष्ट, आणि बहुतेक गोष्टींतला माणूस शेवटी मेलेला! कुणी गोमूत्र सांगितले, कुणी गावाकडचा वैदू सांगितला. माझ्या मुलीने त्या दिवशी चाळीस कप चहा केला. त्यानंतर तीन आठवडे कुणीही फिरकले नाही, कारण "भेटून झाले" होते.

याला तोड काढली आमच्या ह्यांनी. ते यंत्रमागावर चाळीस वर्षे काम केलेले, त्यांना पाळ्या लावायची सवय. दर एकवीस दिवसांनी केमो. डॉक्टरांनी सांगितले होते की पहिले काही दिवस मळमळ आणि थकवा, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी, आणि तिसरा आठवडा बरा. त्यांनी कालनिर्णयवर मधला आठवडा तांबड्या पेन्सिलीने आणि शेवटचा हिरव्या पेन्सिलीने रंगवला. हिरव्यात लग्नकार्य, पाहुणे, विहार, बाजार, सगळे चालेल. तांबड्यात फक्त फोन, नाहीतर गॅलरीतून बोलणे. गर्दी बंद, कच्ची कोशिंबीर बंद, सर्दी झालेल्याला घरात मज्जाव. पहिल्या चार-पाच दिवसांत एका वेळी एकच माणूस, तोही पंधरा मिनिटे, आणि त्याने बोलले पाहिजे असे नाही. ते कॅलेंडर दाराच्या आतल्या बाजूला लागले आणि वस्तीने ते पाळले. सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी.

काय बरे वाटते हेही सांगते. "काही लागले तर सांगा" असे म्हणणाऱ्याला मी कधी काही सांगितले नाही. पण शेजारच्या मुस्लिम भाभी विचारत नसत. दळण न्यायच्या आणि आणून ठेवायच्या. एक मैत्रीण दर गुरुवारी येऊन निवडायला भाजी माझ्यापुढे ठेवायची आणि शाळेतल्या भानगडी सांगायची. आजाराचा शब्द नाही! तोंडाला लोखंडासारखी चव असायची, जेवण जायचे नाही. पण तिच्याबरोबर बोलता बोलता अर्धी भाकरी जायची. आणि माझे चार विद्यार्थी. ते स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसले होते. हिरव्या आठवड्यात ते व्हरांड्यात बसायचे, मी उंबऱ्याच्या आत. अपूर्णांक शिकवताना मध्येच शब्द आठवायचा नाही. केमोत तसे होते. एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, तुम्ही विसरता ते बरे आहे, आम्हाला उत्तर द्यायला मिळते." साडेतीन महिन्यांत इतके मोकळेपणाने मी दुसऱ्यांदा हसले नसेन.

आता १४ एप्रिल. त्या वर्षी बाबासाहेबांची १२५ वी जयंती. आयुष्यात एकही मिरवणूक मी चुकवली नव्हती. तिसरी केमो ४ एप्रिलला झालेली, म्हणजे जयंतीला दहावा दिवस, पक्का तांबडा. मी हट्ट धरला. मुलगी रडली. मी डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यांनी शांतपणे सांगितले, या दिवसांत गर्दीतला साधा जंतूसुद्धा महागात पडेल. या वेळी जे पटले ते निमूट ऐकले. संध्याकाळी तोंडाला मास्क लावून, डोक्याला निळा रुमाल बांधून मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. मिरवणूक आमच्या गल्लीसमोर आली आणि थांबली. डीजे बंद झाला. भिवंडीत जयंतीच्या दिवशी डीजे बंद होणे म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. महिला मंडळाच्या बायका खालून हात हलवत होत्या, त्यांतल्या एकीने तिथूनच ओरडून विचारले, "बाई, तांबडा कधी संपतो?" मी चार बोटे दाखवली. माझा भाऊ त्या गर्दीत उभा होता. चौथ्या दिवसानंतर तो आला तो खुर्ची घेऊनच आला, आपल्या घरची, आणि म्हणाला, आता ही इथेच राहू दे.

मोठ्या माणसांची उदाहरणे हवी असतील तर आहेत. शरद पवार यांना २००४ साली तोंडाचा कर्करोग निघाला, आणि उपचार चालू असतानाही त्यांनी काम सोडले नाही. तंबाखूबद्दल ते स्वतः जाहीरपणे सांगत आले आहेत. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तरी कारखान्यांच्या गल्ल्यांत पुड्या कशा मिळतात हे इथल्या तरुणांना मी विचारणार नाही. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ साली न्यूयॉर्कला उपचार घेताना केस काढलेला फोटो मैत्रिणींसोबत लोकांपुढे ठेवला. तो पाहिला तेव्हा मला माझा साखरपुडा आठवला. त्यांच्याजवळ पैसा होता, हे खरे. पण फोटोला पैसा लागत नाही.

पैसा नसलेल्यांचेही पाहिले आहे. दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवणारे हेच गाडगेबाबा. विदर्भातल्या एका बाईंची रुग्णालयात ओळख झाली म्हणून मी तिथे गेले होते. घर हजार कोस दूर, पण त्यांना एकटे वाटत नव्हते. आजूबाजूला सगळीच बोडकी डोकी. त्यांनी मला रुमाल बांधायची पद्धत शिकवली. मी माझ्याच गावात, माझ्याच माणसांत राहून एकटी होते.

एक गोष्ट मात्र माणसांवर सोपवू नये. केमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर पाहुणे, कार्यक्रम, रात्र काहीही न पाहता सरळ रुग्णालय गाठावे. घरी गोळी देऊन वाट पाहू नये. माझ्या बाबतीत पाचव्या केमोनंतर तसे झाले आणि रात्री दोन वाजता रिक्षा काढणारा मुलगा माझाच जुना विद्यार्थी होता. खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमो बसते; कागदपत्रे आधीच काढून ठेवावीत.

विहाराच्या कार्यालयात एक वही ठेवली आहे. आपल्या भागातून परळला केमोसाठी जाणाऱ्यांच्या सोबतीला ज्यांना जाता येईल त्यांनी आपले नाव आणि मोकळा वार लिहावा. सध्या मंगळवार आणि शुक्रवारला कुणी नाही. कॉलेजच्या मुलांनी जरा तेवढे बघावे.

जयभीम.