लेणी पाहावीत कशी, सांगावीत कशी?

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'कला' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा घरातूनच पहिला प्रश्न आला, "आपल्याला कलेतलं काय कळतं?" आमचं म्हणणं असं की, आपल्याला कळतं; पण सांगायला शब्द नसतात. आणि शब्द नसले की काय होतं, हे आपण याच विहारात अनुभवलं आहे.

बुद्धमूर्ती आणायची ठरली तेव्हा आपण दुकानात जाऊन काय सांगितलं? "मोठी द्या, शांत द्या, प्रसन्न द्या." मूर्ती आली. सुंदरच होती. पण उजवा हात वर केलेला. आपल्या वडीलधाऱ्या बायांना हवी होती मांडीवर हातावर हात ठेवलेली, समोर बसून डोळे मिटावेत अशी. "काहीतरी वेगळंच आलं," एवढंच सगळे म्हणत राहिले. दुकानदार म्हणाला, "तुम्ही सांगितलं तसंच दिलं." त्याचं खरं होतं. 'ध्यानमुद्रा' हा एक शब्द आपल्यापाशी असता तर दुसरी फेरी पडली नसती.

मुद्रा म्हणजे हातांची भाषा. हातावर हात म्हणजे ध्यान. उजवा तळवा वर, समोर केलेला म्हणजे अभय, भिऊ नका. तळवा समोर पण हात खाली सोडलेला म्हणजे वरद, देणारा हात. उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकलेली म्हणजे भूमिस्पर्श. हा बोधगयेतला संबोधीचा प्रसंग. दोन्ही हात छातीपाशी म्हणजे धर्मचक्रप्रवर्तन. हे सारनाथचं पहिलं प्रवचन. पाच मुद्रा पाठ केल्या तरी पोरंसुद्धा मूर्तीपुढे उभी राहून प्रसंग सांगतील.

चुकीचा शब्द तर अर्थच फिरवतो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या भिंतीवर सुमारे ७ मीटर लांबीची आडवी मूर्ती आहे. लोक म्हणतात, "झोपलेला बुद्ध." झोपलेला असता तर खाली बसलेली माणसं शोक का करताहेत? ते महापरिनिर्वाण आहे. शब्द बदलला की तेच शिल्प वेगळं दिसू लागतं.

आता कार्ल्याला चला. आपली सहल गेली तेव्हा चैत्यगृहात शिरताच सगळे म्हणाले, "बापरे, केवढं!" ते खरंच केवढं आहे: सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच. पण 'बापरे'च्या पुढे जायचं असेल तर तीन प्रश्न विचारावेत. काय दिसतं? त्याला म्हणतात काय? ते तिथे कशासाठी आहे?

दिसतं काय? दोन्ही बाजूंना १५-१५ खांब. पायाशी घडा, वर हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. स्तूपामागचे ७ खांब मात्र साधे, अठपैलू, बिननक्षीचे. छताला लाकडी कमानी. समोर स्तूप. त्याचा खालचा गोल चौथरा ती मेधी, वरचा घुमट ते अंड, त्यावरची चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. दारावरची घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान म्हणजे चैत्यगवाक्ष.

मग हे कशासाठी? गवाक्षातून येणारा उजेड थेट स्तूपावर पडतो, बाजूला अंधार राहतो. नजर आपोआप स्तूपाकडे जाते. आणि लाकडी कमानी? डोंगराच्या छताला आधार लागत नाही. पण आधीची सभागृहं लाकडाची होती आणि त्यांचंच रूप दगडात उतरलं. हे आपल्या वस्तीतला सुतार कुठल्याही पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल. तुळई, वासा, कमान, कोनाडा, पैलू, गलता हे शब्द त्याच्या तोंडी रोज असतात. घरात कामाचे शब्द आहेत, ते कलेचेही आहेत. आम्हाला एवढंच सांगायचं आहे.

हे घडवणारे आणि दान देणारे तरी कोण होते? कार्ल्याच्या शिलालेखांत सुतार आहे, गंधी आहे, यवन आहेत, भिक्खू आहेत. वैजयंतीचा भूतपाल शेठ या वास्तूला 'सेलघर' म्हणतो. म्हणजे शैलगृह, दगडाचं घर. लेण्यांतल्या शिलालेखांत 'लेण' येतं, 'चेतियघर' येतं, पाण्याच्या टाक्याला 'पोढी' येतं. आपल्या मराठीतलं 'लेणं' त्या 'लेण'पासूनच आलं आहे. मग नाशिकच्या लेण्यांना आपणही 'पांडवलेणी' का म्हणावं? तिथल्या शिलालेखांत त्या डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी, कोरलेलं आहे.

नाव पुसलं की धनी पुसला जातो. बाबासाहेब हे जाणून होते. म्हणून घराला 'राजगृह', मुंबईच्या कॉलेजला 'सिद्धार्थ' आणि औरंगाबादच्या कॉलेजला 'मिलिंद'.

शब्द हवेत, पण बरोबर पाहणंही हवं. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्याच्याभोवती फिरावं लागतं. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे, आत माणसं जातात. दोन्हींना नुसतं 'मोठा घुमट' म्हटलं तर हा फरक निसटतो. आपल्या काळात स्तूपाने माणसांना आत घेतलं, ही केवढी गोष्ट!

तर बंधू-भगिनींनो, पुढच्या सहलीला जेवणाच्या डब्याबरोबर एक वही न्या. मुलांना 'छान आहे' लिहू देऊ नका. काय दिसलं ते आधी लिहू द्या. नाव विहारात येऊन शोधू. ते काम आपण सगळे मिळून करू.

नमो बुद्धाय! जय भीम!